गवा आला आणि आमची बातमी गेली

आमच्या गल्लीत नळाला गटारमिश्रित पाणी येत होतं. रंग चहासारखा, वासाचं तर विचारूच नका. राजारामपुरीत राहतो आम्ही, पावलापावलावर दवाखाना. पण शेजारणीच्या सुनेला त्या पाण्यानं कावीळ झाली, आणि ती पोटुशी, सहावा महिना चाललेला. तिला ॲडमिट केलं. अर्ज देऊन झाले, हापिसात जाऊन झालं. शेवटी मीच म्हटलं, पेपरात नाहीतर टीव्हीवर आल्याशिवाय कोण हलायचं नाही.

एका लोकल चॅनलच्या पोराचा नंबर मिळाला. त्याला सगळं सांगितलं, सुनेच्या काविळीचंही. बोलायला गोड. म्हणाला, "काकू, घाण पाणी सगळीकडंच येतंय की. त्यात दाखवू काय? घागर मोर्चा काढा, मी कॅमेरा घेऊन येतो."

आता घागरी कुणाकडं राहिल्यात? माळ्यावरनं तांब्याच्या कळश्या काढल्या. टीव्हीवर दिसायचं म्हणून बायकांनी त्या चिंच लावून लखलखीत घासल्या! त्याला कळलं तसा तो ओरडला, "अवो काकू, कशाला घासल्या? लोकं म्हणतील, लग्नाचं रुखवत चाललंय!"

सकाळी तसल्याच घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलो. ऊन चढलं, पोरगा येईना. फोन लावला तर मागं नुसता कालवा. "काकू, गवा शिरलाय शहरात! समदे कॅमेरे हिकडंच हायत. तुमचं बघू नंतर."

शेजारीण म्हणाली, "त्या गव्याला म्हणावं, जरा आमच्या गल्लीतनं जा बाबा."

सगळ्या हसल्या. ती दवाखान्यात डबा घेऊन गेली.

संध्याकाळी मीही गेले. खोलीबाहेर बाकासमोरच्या टीव्हीवर तोच गवा, पुन्हा पुन्हा. बिचारा भिंतीला चिकटून थरथरत होता, आणि भोवतीनं ही गर्दी. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. पण त्या बाकावर बसून मला त्याचा राग आला, खरंच आला.

गवा रानात गेला. मग कोण पुढारी आले, मग कसलीशी मिरवणूक. नळाला पाणी तसंच. आणि एका दुपारी दवाखान्यात बसले होते, तर त्या पोराचा आपणहून फोन. "काकू, तुमचा तो पेशंट कसा हाय?"

मला किती बरं वाटलं! आठवण ठेवली म्हणायची. म्हटलं, "कावीळ उतरंना रे. डॉक्टरांना बाळाची काळजी लागलीय."

"म्हणजे सिरियस हाय?" त्याचा आवाज एकदम जागा झाला. "काय कमीजास्त झालं तर पहिला फोन मला करा, काकू. लगेच येतो. मग बघा, दुसऱ्या दिवशी पाइप बदलतोय का न्हाय."

खोटं काही बोलत नव्हता तो. मी फोन ठेवून दिला.

शेजारीण जवळच बसलेली. "कोण, चॅनलवाला का? काय म्हणतोय?"

"येतो म्हणालाय."

"व्हय? कधी?"

मी तिच्या सुनेच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिले.