एक चेक आणि दोन बायका

शनिवार, ११ ऑक्टोबर रोजी सकाळी सव्वादहा वाजता मालवणजवळच्या कट्टा गावातल्या आमच्या घरी १८,६४० रुपयांचा एक चेक आला. हजर माणसे तीन: मी, माझी बायको नीलिमा आणि चेक घेऊन आलेला तिचा मसुऱ्याचा धाकटा भाऊ बाळा. आनंद एकूण चार मिनिटे टिकला.

"ताये, तुझ्या नावाचो चेक इलो हा! आमच्या पत्त्यार!"

बायको सातवीत असताना तिच्या वडिलांनी तिच्या नावावर कसले तरी शेअर घेऊन ठेवले होते. ते घेतले हे ते विसरले, मग वारले. आता ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि जुन्या लोकांचे पैसे चुकते केले. बायकोने चेक दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले.

"बाबांनी माका ठेवलेले पैसे."

तोवर मी पंपासाठी ९,२००, कलमांच्या खतासाठी ५,४०० आणि उरलेल्या ४,०४० मध्ये पडवीची लादी असे वाटप कागदावर उरकले होते.

"कागद-पेन ठेवा खाली," ती चेकवरची नजर न काढता म्हणाली. "ह्यातलो एक रुपयो तुमका गावाचो नाय."

चौथ्या मिनिटाला मी चेक नीट वाचला. नाव होते कु. सुगंधा आत्माराम धुरी. ही सुगंधा म्हणजे माझीच बायको. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहून मी तिची नीलिमा केली. आमच्याकडे सगळेच करतात. मी काही जगावेगळे केले नव्हते. (हे वाक्य मी पुढे बऱ्याच कचेऱ्यांत ऐकवले. कोणावरही परिणाम झाला नाही.) बँकेत खाते नीलिमाच्या नावावर, आणि चेकची मुदत २ जानेवारीपर्यंत.

सोमवारी बँकेत गेलो.

"ह्या सुगंधा धुरी कोण?" साहेबांनी विचारले.

"माझी बायको."

"आणि ह्या नीलिमा?"

"त्याही माझी बायको."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे दोन?"

"एकच! ही काय, समोर उभी आहे!"

"ते मला दिसतंय. पण कागदावर दोन आहेत. विवाह नोंदणीचा दाखला आणा."

आता मला सांगा, अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या गावात लग्नाचा दाखला कोणी काढला होता? दोनशे ऐंशी पाने जेवून उठली, एवढा पुरावा पुरत असे! पण ग्रामपंचायतीला तो पुरेना. उशिरा नोंदणी करायची तर लग्नपत्रिका हवी, फोटो हवा, साक्षीदार हवेत. पत्रिका माझ्याकडे होती (मी कागद फेकत नाही). फोटोही होता, पण त्यात मी डोळे मिटलेले.

ग्रामसेवक तो फोटो उजेडात धरून म्हणाले, "वधू ओळखू येतात. तुमचं खात्रीनं सांगता येत नाही."

म्हणजे जिच्या नावाचा घोळ ती पास, आणि ज्याचे नाव जन्मापासून एकच तो संशयित! फोटोतला माणूस मीच, हे सिद्ध करण्यात माझे सतरा दिवस आणि तीन फेऱ्या गेल्या. मधल्या सुट्ट्या आणि ग्रामसेवकांचे प्रशिक्षण मी मोजलेले नाही. त्यानंतर त्यांनी सांगितले, "पत्रिकेवर सुगंधा आहे, आधारवर नीलिमा. सुगंधाची नीलिमा झाली हे कुठे आहे?"

"तांदळात होतं," मी म्हणालो. "ते शिजवून खाल्ले."

"मग प्रतिज्ञापत्र करून आणा."

१७ डिसेंबर उजाडला. मुदतीला सोळा दिवस. मी, बायको आणि साक्षीला बाळा असे मालवणला कचेरीबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलाशी बसलो. स्टॅम्प पेपर पाचशेचा. (चार ओळींसाठी पाचशे, म्हणजे ओळीला सव्वाशे!) टायपिस्टने झरझर टाइप केले आणि मध्येच बोटे थांबवली.

"नाव बदलण्याचं कारण?"

"प्रथेप्रमाणे," मी म्हणालो.

"तेवढं चालत नाही, साहेब परत पाठवतात. नीलिमाच का ठेवलं, एक ओळ सांगा."

बायको खुर्चीत जरा सावरून बसली. "समुद्राच्या निळ्या रंगावरसून ठेवलेला," ती टायपिस्टला म्हणाली. "ह्येंनीच माका सांगल्यानी. पयल्या रात्री."

टायपिस्ट टाइप करू लागला, आणि माझी नजर कागदाच्या तळाशी गेली. 'वरील मजकूर खरा असून खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.' खाली तिच्या सहीशेजारी माझ्या सहीची जागा! मी आयुष्यात खोट्या कागदावर सही केलेली नाही. वीजबिलाच्या तक्रार अर्जातसुद्धा मी युनिट वाढवून लिहिलेले नाहीत.

"थांबा," मी म्हणालो. "ते खरं नाही."

मग मला सगळे सांगावे लागले. आमच्या लग्नाआधी माझे लग्न शिरोड्याच्या एका मुलीशी ठरले होते. तिचे नाव नीलिमा. साखरपुडा झाल्यावर आईने हौसेने अकरा नव्या भांड्यांवर 'सौ. नीलिमा' असे नाव घालून घेतले. पुढे त्या मुलीला मुंबईचा नोकरदार पसंत पडला. भांडी आमच्याकडे राहिली. नाव घालायला भांड्यामागे तीन रुपये, म्हणजे तेहतीस रुपये पडले होते. खोडून परत घालायचे तर आणखी तेहतीस, शिवाय भांडी खरवडणार. आई म्हणाली, 'चेडू नवा, नाव ताच ठेव.' म्हणजे मुलगी नवी, नाव तेच. सूचना आईची होती. मी फक्त हिशेब तपासून मंजूर केली.

टायपिस्टने मशीनवरून हात काढले. शेजारच्या टेबलावरचा वारस नोंदीचा कज्जासुद्धा थांबला.

"अठ्ठावीस वर्सा," बायको हळू आवाजात म्हणाली, "त्या टोपांर माझा नाव आसा म्हणान मी ती चिंच लावन घासलंय. माझ्या आधी माझा नाव घालून ठेवलेला म्हणान! आणि ता त्या शिरोडकरणीचा?"

"भावोजी," बाळाने तोंड घातले, "तेचा लगीन मगे खंय झाला?"

"माका काय म्हायत!" मी म्हणालो.

"नाय, म्हटला, पत्तो गावलो तर टोपा पोचती करूक येतीत."

बायको उठली. "ह्या नावान माझी सही होवची नाय. चेक मेलो तरी चलात!" आणि ती बाळाच्या गाडीवर बसून मसुऱ्याला गेली. माझा पाचशेचा स्टॅम्प पेपर टेबलावर फडफडत राहिला.

आणि दोष कोणाचा ठरला? खरे बोलणाऱ्याचा! मी चिडून दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी चेकचे दिवस मोजले: तेरा. तिच्या वडिलांनी तिला ठेवलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या अकरा भांड्यांपायी रद्द होणार होती. मसुऱ्याला गेलो. ती पडवीत सुपारी फोडत होती, आणि माझ्याकडे बघून अडकित्ता जरा जास्तच जोरात दाबत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. (कागदावर नव्हे, तोंडी.)

"सही करतंय," ती म्हणाली. "ह्या नावान शेवटची. बाबांच्या पैशासाठी. मगे आधार, रेशनकार्ड, पासबुक, सगळ्यार सुगंधा घालून हाडायचा. तुमी. तुमच्या पैशान."

सही झाली, दाखला मिळाला. २९ डिसेंबरला चेक भरला, दोन दिवसांत वटला. १८,६४० रुपये सुगंधाबाईंना पूर्ण मिळाले. त्यांनी ते स्वतःच्या नावाने ठेवीत टाकले. स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी, नोंदणी, झेरॉक्स आणि पेट्रोल मिळून १,४९४ आणि नाव पुन्हा होते ते करायला २,३१०, असे ३,८०४ रुपये निरनिराळ्या खिडक्यांवर मी भरले. त्यातून त्या वेळी वाचवलेले तेहतीस वजा जाता माझे निव्वळ नुकसान ३,७७१ रुपये. शिवाय चहाचे नुकसान वेगळे: 'नीलिमा' अशी हाक मारली की त्या फेरीचा चहा रद्द होतो, आणि मी दिवसाला सरासरी दोनदा चुकतो.