न दिसणारी गळती

बरखेड्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबांनी एका हिवाळ्यात गरम पाण्याचे पाइप फिरवले. आजोबांना दमा होता, शेगडीचा धूर त्यांना सोसत नव्हता. बाथरूममधल्या टाकीत तापलेलं पाणी बंद पाइपांतून खोल्यांमध्ये फिरून परत यायचं. पण रोज सकाळी दाब दाखवणारा काटा खाली आलेला असायचा, आणि फरशी मात्र सगळीकडे कोरडी.

"मग पाणी जातं कुठे?" आईने विचारलं.

"खाली पडायच्या आधीच वाफ होऊन उडून जात असेल," बाबा म्हणाले. "पण जाताना खूण ठेवतंच ते."

टॉर्च घेऊन ते जमिनीवर आडवे झाले आणि एकेक जोड न्याहाळू लागले. आजोबांच्या पलंगामागून त्यांनी मला हाक मारली. तिथल्या जोडावर क्षाराची पांढरी, नाजूक फुलं उमलली होती. दिसेनासं झालेलं पाणी असं मागे राहतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांनी पाइप गार होऊ दिले, जोड उघडून नवा वॉशर घातला आणि पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या सकाळी काटा जागेवर होता. आजोबांनी पुन्हा तापलेल्या पाइपावर तळवा ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.