चंद्राबाईंचा धवला

नागावचे देवदत्त वर्तक म्हणजे एक अजब प्रकरण. जुन्या सिनेमांची कुठेही न मिळणारी गाणी हुडकून काढायची, आणि सापडली की कॉपी मात्र करायची नाही! उभी हयात अलिबागच्या कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे कायदा अंगात मुरलेला. गाणं ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी जायचं, मांडी घालून ऐकायचं, चहा घ्यायचा नि हात हलवत परत यायचं. पुतणी रचना म्हणायची, काका, अहो सगळं जग डाउनलोड करतंय. काका म्हणायचे, करू दे, जगाला कोर्टात कुणी ओळखत नाही, मला ओळखतात.

अशा माणसाच्या दारात थळच्या चंद्राबाई येऊन बसल्या. वर्तकांकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा वर्षानुवर्षं त्यांच्याच यायच्या. पण बाई खऱ्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी ही बाई. तिने तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही. आता घशाच्या ऑपरेशनात आवाज गेलेला, उरली नुसती कुजबुज. आणि नात पूनमची हळद तोंडावर आलेली. दुसरी धवलारीण बोलवा म्हटलं की बाईंच्या डोळ्यांत पाणी. अख्ख्या गावाच्या पोरींची हळद मी गायली आणि माझ्याच नातीला परका गळा? मग त्यांनी हळूच सांगितलं, की तरुणपणी एका सिनेमासाठी त्यांनी धवला गायला होता. सिनेमा सपशेल आपटला. रेकॉर्ड निघाली नि कुठे गडप झाली देव जाणे. ती मिळाली तर हळदीला आजीचाच आवाज वाजला असता.

झालं! देवदत्तांच्या अंगात वारं शिरलं. पुण्या-कोल्हापूरच्या शौकिनांना फोन करून करून त्यांनी भंडावून सोडलं. कुणी नाही म्हणालं, कुणी भलतीच रेकॉर्ड काढून दाखवली. शेवटी म्हसळ्याचे बाळाजी सापडले. एकेकाळी लग्नांना लाउडस्पीकर भाड्याने देणारा माणूस, माळा रेकॉर्डींनी गच्च भरलेला. धूळ पुसून त्यांनी सुई ठेवली आणि ना पेटी ना ढोलकी, नुसता एका पोरसवदा बाईचा खणखणीत गळा खोलीभर घुमला. देवदत्त अक्षरशः रडले.

बाळाजी म्हणाले, रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाही, मोबाइलवर खुशाल उतरवून घ्या. देवदत्तांनी मोबाइल काढला आणि तिथेच घोडं अडलं. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, तो संपलेला. पण लेबलावर गीत आणि संगीत म्हणून एका गृहस्थांचं नाव छापलेलं, आणि ते गृहस्थ अलीकडेच वारलेले. शब्द नि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं जिवंत राहतो. म्हणजे उतरवली की चोरी. बाळाजींनी कपाळाला हात लावला. आणि हा भला माणूस रिकाम्या हाताने परतला, बोला आता!

तोंड लपवून बसणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते तडक थळला गेले आणि चंद्राबाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांना परसात नेलं. तिथे बायका लग्नाची हळद कुटत होत्या. चंद्राबाई त्यांतल्या एकीच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. बायकांनी मुसळं न थांबवता धवला उचलला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तोच. रेकॉर्डवरचाच, हुबेहूब.

"भाऊ, त्या लेबलावरच्या मानसानं मला निस्तं सांगलं, लग्नात बोलतात तो धवला बोला," चंद्राबाई म्हणाल्या. "ह्यो धवला माझे सासूचा हाय. तिला तिचे सासूनं शिकवला."

देवदत्तांना स्वतःचाच राग आला. जन्मभर त्यांनी कॉपी करणाऱ्याला चोर म्हटलं, आणि छापलेल्या नावावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. चोर तर लेबलावरच बसला होता! दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हसळ्याला गेले आणि छाती पुढे काढून गाणं उतरवून आले.

हळदीच्या दिवशी पूनम पाटावर बसली. देवदत्तांनी स्वतः स्पीकर लावला. आवाज आला तशी मांडवातली गडबड थांबली. म्हाताऱ्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि मग रीतीप्रमाणे प्रत्येक ओळ मागून उचलायला लागल्या. पोरींचे मोबाइल भराभर वर झाले. देवदत्तांचा लौकिक साऱ्यांना ठाऊक. एकीने भीतभीतच विचारलं, काका, रेकॉर्ड केलं तर चालेल का?

"करा. सगळ्यांनी करा, आणि दिसेल त्याला वाटा," देवदत्त भर मांडवात गरजले. "मी कायद्याने सांगतोय!"

चंद्राबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. दोन्ही हातांनी त्या नातीच्या गालांना हळद लावत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आणि आवाज येत होता.