नानांचं वाचन आणि तीन टिपके

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवणाऱ्या गोटीराम नानांनी छप्पन्नाव्या वर्षी अक्षर ओळखलं, आणि शिकवणारी त्यांचीच लेक, दीपमाला. मग काय, खताची गोणी म्हणू नका, बसची पाटी म्हणू नका, नानांच्या तावडीतून काही सुटेना. दुपारी ओट्यावर बसून बोट फिरवत वाचायचे. शब्द पाटाच्या पाण्यासारखे सावकाश येतात, म्हणायचे, आणि समाधानाने डोळे मिटायचे.

दीपमाला शहरात एका छोट्या कंपनीत कोड लिहायची. फूलवाल्या शेतकऱ्यांच्या ॲपमध्ये लांब सूचना यादीत मावाव्यात म्हणून तिचा कोड पडद्याच्या रुंदीनुसार ठरावीक अक्षरांवर त्या छाटून टाकी. तिच्या मोठ्या फोनवर सगळं मावायचं, त्यामुळे बाईसाहेब निर्धास्त.

एके दिवशी त्याच ॲपमधली सूचना वाचता वाचता नानांनी आपला फोन पालथा ठेवला. "तूच वाचत जा, दीपा. आपल्याला काय जमत नाय." त्यानंतर आठ दिवस त्यांनी गोणीकडेसुद्धा पाहिलं नाही. दीपमालाला एकच काळजी लागली. नाना पुन्हा वाचायला बसलेच नाहीत तर?

रविवारी तिने त्यांच्या छोट्या फोनमध्ये डोकावलं. 'उद्या झेंडूच्या गाड्या पहाटे लवकर निघणा'. पुढे काहीच नाही. रोज अशाच तुटक्या शब्दापाशी अडखळून नाना स्वतःलाच अडाणी ठरवून बसले होते. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

समोर आई, नवसाबाई, माळ ओवत होती. हाताचं माप नेमकं एका फुलाच्या मधोमध आलं. तिने ते फूल अलगद काढून ठेवलं आणि त्याच्या अलीकडे गाठ मारली. पिवळ्या उन्हात, झेंडूच्या वासात दीपमाला कितीतरी वेळ ती गाठ बघत राहिली. फुलं, शब्द, सगळं एकात एक मिसळून गेलं. मग तिने लॅपटॉप उघडला. शब्द मध्येच तुटत असेल, तर मागच्या मोकळ्या जागेपर्यंत यायचं, तिथे कापायचं आणि तीन टिपके द्यायचे.

दोन दिवसांनी तिने फोन नानांच्या हातात दिला. बोट निघालं. "परवा, शेवंतीची, खरेदी, सकाळी..." बोट थांबलं. "हे टिपके कशाचे?"

"पुढे अजून मजकूर आहे, नाना. आधी माझा कोड शब्दच तोडत होता. चूक माझी होती."

नानांनी मान वर केली. "म्हंजे मी बरोबर वाचत होतो?"

"अगदी बरोबर."

नानांनी डोळे पुसले आणि टिपक्यांवर बोट दाबलं, तशी सगळी सूचना उघडली. "आता गप बस," ते म्हणाले, "पुढचं मी वाचतो."