पाइपातनं आलेली हाक

सासरवाडीच्या शेतात पाइपलाइन टाकायला बत्तीस तास लागतील, असं मी सांगितलं आणि दुर्दैवानं सगळ्यांनी ते खरं मानलं.

पाणीपुरवठ्याच्या कामांना मजुरांचे किती तास लागतील, ते काढून देणं हीच माझी नोकरी. (कागदावर! कुदळ मी फोटोपुरतीच धरलीय.) त्यामुळं तेर गावी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहिरीपासून डाळिंबाच्या बागेपर्यंत चर खणायचा काढला, तेव्हा मी रुबाबात म्हणालो, "चार गडी, रोज आठ तास, चार दिवस. पाणी बागेत!"

"तवर झाडं तग धरतील नव्हं?" मामा काळजीनं म्हणाले. बाग करपायला लागली होती.

"मामा, हिशोब आहे हा!"

तिसऱ्या दिवशी चरात जुन्या विटा लागल्या. मग खापरं. मग एक लांबलचक हाड! लिंबाजी गड्यानं कुदळ खाली ठेवली. "सायेब, हितं कुणीतरी झोपलंय."

"अरे, बैलाचं हाड आहे ते!"

"मग बैल झोपलाय. लई दिसाचा झोपलाय. उठवू नगा."

गडी भाकरी खायला गेले. भर दुपार. वारा पडलेला, एक पाखरू बोलत नव्हतं. राहिलेलं काम मोजायला मी एकटाच चरात उतरलो. जोडत आणलेल्या पाइपाचं तोंड पायाशी उघडं होतं. त्यातून गार श्वास आला. मग जमिनीच्या पोटातून घोगरा आवाज:

"जाऽऽवईऽऽ..."

(बैलाला आमचं नातं कसं कळलं?)

"किती... ऱ्हायलंय?"

"क... काय? आयुष्य?"

"तासांत... सांगा..."

मी किंचाळलो! वर चढताना कड ढासळली, पाय मातीत रुतले; कुणीतरी खालून धरलं म्हणून पुन्हा किंचाळलो. ते ऐकून चारही गडी भाकरी टाकून पळाले.

विहिरीकडून मामा धापा टाकत आले. पाइप मोकळा आहे का, ते दुसऱ्या टोकाला तोंड लावून बघत होते!

"आवो, म्याच इचारत हुतो! वरडलात कशापायी?"

गडी काही परत आले नाहीत. उरलेला चर मामांनी, बायकोनं आणि मी मिळून खणला. आणखी सहा दिवस! बाग वाचली, माझे तळहात नाही.

हल्ली भर दुपारी त्या बांधावरनं कुणी जात नाही. तिथं जमिनीतनं कुणीतरी किंचाळतं म्हणे. कुणी विचारलं, की मी गंभीरपणे मान डोलावतो, "व्हय, म्या लई जवळनं ऐकलंय!"