अण्णांचं ‘सांगता येत नाही’

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीतच, विद्यानगरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत रबराची नळी ताणून उभी होते. फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ ती माझ्या हातात तशीच ताणलेली होती, एवढं आठवतं...

अण्णा माझे थोरले काका. हुबळीच्या बाजारात त्यांचं बटणं, चेन आणि इलॅस्टिकचं दुकान. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंजिनियरिंग शिकते हे ठाऊक असूनही ते मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. एप्रिलमध्ये मुतखड्यासाठी त्यांची सोनोग्राफी केली. खडा राहिला बाजूला, पोटातली महाधमनी फुगलेली निघाली. घरात समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, “पोटातली मोठी नाडी सैल पडलीय.” काकूंनी त्याच दुपारी अण्णांच्या सगळ्या पायजम्यांच्या नाड्या ओढून काढल्या आणि दुकानातलं इलॅस्टिक घातलं.

मग मी नीट सांगितलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनीची भिंत ताणली जाते आणि परत जागेवर येते. ते परत येणं कमी झालं की ती फुगत जाते, एखाद्या दिवशी फुटतेही. कधी, ते नुसत्या रुंदीवरून कळत नाही. भिंतीत किती दम उरलाय तेही बघावं लागतं. माझा प्रोजेक्ट त्यावरच होता, कॉलेजातल्या मशीनवर रबराच्या नळ्या ताणून तो दम मोजायचा. अण्णांनी एकाच रुंदीची दोन इलॅस्टिकं माझ्यापुढे टाकली. “यातलं मेलेलं कुठलं?” मी दाखवलं ते चुकीचं निघालं. “मग तुझं मशीन काय करतंय गं?”

डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. आत कापडी नळी शिवणार होते. अण्णांची पहिली शंका, “कापड कुठलं?” पॉलिस्टर म्हटल्यावर चेहरा पडला. “उन्हाळ्यात उकडेल की.” खरी अडचण वेगळीच होती. जूनमध्ये शाळांच्या चड्ड्या-स्कर्टांचं इलॅस्टिक खपतं. त्यांनी मला विचारलं, “सीझन संपेपर्यंत टिकेल का?”

मला खोटं बोलवेना. “सांगता येत नाही, अण्णा.”

ते एकदम खूश झाले. ऑपरेशन जुलैवर गेलं. जून संपायच्या आत, एका बाईंना इलॅस्टिक मोजून देता देता ते गल्ल्याशेजारी खाली बसले...

खूश का झाले होते, ते मला तेराव्याला कळलं. काकू कुणालातरी सांगत होत्या. वाईट मालाला अण्णा तोंडावर ‘घेऊ नका’ म्हणत. माल अगदी उत्तम असला आणि गिऱ्हाइकाने टिकेल का विचारलं, तरच कानडीत म्हणत, ‘हेळाक आगंगिल्ल’, सांगता येत नाही. आपल्याच मालाची तारीफ कशी करायची, म्हणून. जुनी गिऱ्हाइकं ते ऐकून दोन मीटर जास्त घेत.

माझ्या प्रोजेक्टच्या शेवटी वाक्य होतं, ‘फुटण्याची वेळ नक्की सांगता येत नाही.’ त्यापुढे मी लिहिलं, ‘म्हणून थांबू नये.’ सर म्हणाले, हे शास्त्रीय वाटत नाही. मी खोडलं नाही.

ते पायजमे अजून कपाटात आहेत. कधी एकटी असले की एखाद्याचं इलॅस्टिक ओढून सोडते. लगेच जागेवर येतं.