डाव्या हाताकडे बघणारे आबा

टेनिसचा सामना बघताना आबा चेंडूकडे बघत नसत. रॅकेटकडेही नाही. सर्व्हिस करणारा रेषेवर येऊन उभा राहिला की त्यांची नजर त्याच्या डाव्या हातावर जाऊन बसे. खेळाडू डावखुरा असला तर उजव्या. ज्या हातानं चेंडू वर सोडायचा, तो हात. चेंडू अजून हवेत असतानाच आबा हळूच म्हणत, "गेली." पुढच्या क्षणी ती सर्व्हिस जाळ्यात तरी अडके, नाहीतर रेषेबाहेर तरी पडे. यात ते क्वचितच चुकत. पण बरोबर आल्याचा आनंद त्यांना झालेला मी कधी पाहिला नाही. घरात भांडं पडून फुटावं आणि आपण नुसतं 'फुटलं' म्हणावं, तसा त्यांचा सूर असे.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. कॉलेजात नोकरी लागून मी या शहरात आले तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. इंग्लंडातल्या गवतावरच्या स्पर्धेचे दिवस होते. रविवारी संध्याकाळी आबांच्या बायकोनं, काकूंनी, मला चहाला खाली बोलावलं. हॉलमध्ये टीव्हीसमोर दोन म्हातारे बसले होते. एक आबा, आणि दुसरे छावणीत, म्हणजे शहराच्या लष्करी भागात, राहणारे त्यांचे कॉलेजापासूनचे दोस्त, वकीलसाहेब. मी नमस्कार करायला हात जोडले, तर आबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "बसा बाई. बोलू नका फक्त, दुसरी सर्व्हिस हाये." त्यांच्याशी माझी ओळख झाली ती अशी. टेनिसमध्ये गुण पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस कसे होतात एवढंही मला तेव्हा कळत नव्हतं. पण त्या रविवारनंतर मी खाली जायला चुकले नाही.

आबा मूळचे देवगाव रंगारीचे. घरची बागायत होती, थोरले भाऊ शेती बघत. गावात पहिली अक्षरं त्यांनी उर्दूत गिरवली, पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, आणि पुढं शिकायला म्हणून ते शहरात आले. त्यामुळे त्यांची बोली देवगावची राहिली आणि तिच्यात अंदाज, जिम्मा, बेफिकीर असे शब्द विहिरीतल्या खड्यांसारखे तळाशी पडलेले असत. कॉलेजात असताना छावणीतल्या लाल मातीच्या कोर्टावर वकीलसाहेबांनी त्यांच्या हातात पहिल्यांदा रॅकेट दिली. गावच्या विहिरीत पोहून पोहून तयार झालेले खांदे होते, सर्व्हिस लगेच बसली. विद्यापीठाकडून ते खेळले. मग सरकारी नोकरी लागली, बदल्या झाल्या आणि खेळ सुटला. सुटला तो हातातून. डोक्यातून सुटला नाही.

सर्व्हिसविषयी त्यांची काही ठाम मतं होती आणि ती ते शिकवल्यासारखी नव्हे, तर सल्ला दिल्यासारखी सांगत. "चेंडू फेकायचा नसतो बाई, वर ठेवायचा असतो. तुम्ही फळीवर डबा ठेवता, तसा." हे सांगताना ते उठून उभे राहत आणि रिकामा डावा हात संथपणे वर नेत. तो हात वर जाताना इतका मोकळा आणि निवांत दिसे की खरोखर वर एखादी फळी असावी असं वाटे. त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं, "पैली सर्व्हिस माणसाची हौस दाखवती. त्याचा सोभाव बघायचा तर दुसरी बघावी." पहिली चुकल्यावर जो घाबरून चेंडू नुसता ढकलतो, तो त्यांच्या मनातून उतरे. चुकला तरी चालेल, पण हात आखडता घेऊ नये, असं त्यांना वाटे.

वकीलसाहेबांना हे सगळं अमान्य होतं. सर्व्हिस म्हणजे नुसती दारावरची बेल, खरा खेळ जाळ्याजवळ धावत येण्यात, असं त्यांचं म्हणणं. "मियाँ, तुम तो बस हात देखते रैते. आदमी को देखो," असं ते आबांना सुनावत. दोघांचे आवडते खेळाडू वेगळे होते आणि ते एकमेकांपुढं आले की काकू मला आधीच सांगून ठेवत, आज पोहे उशिरा करते, कुणाचं लक्ष नसणार. सेट बरोबरीत येऊन ऐन टायब्रेक सुरू असताना वीज जाणं तर ठरलेलंच. मग अंधारू लागलेल्या हॉलमध्ये दोघं उरलेला सामना तोंडानं खेळत, आणि वीज येईपर्यंत प्रत्येकाचा खेळाडू जिंकलेला असे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. एक सर्व्हिस असते, तिच्यात चेंडू डोक्याच्या थोडा मागं सोडतात, पाठ धनुष्यासारखी वाकवतात आणि खालून वर घासून मारतात. चेंडू पलीकडे टप्पा पडल्यावर खांद्याच्या वर उसळतो. बघायला फार देखणी. एखादा खेळाडू ती सर्व्हिस सारखी करू लागला की आबा उठून पाणी प्यायला आत जात. सुरुवातीला मला वाटलं, वयाचं काहीतरी असेल. पण ते दर वेळी तेव्हाच उठत आणि तेवढ्या वेळात वकीलसाहेबही टीका करायचं थांबत.

एकदा आबा गावाकडं गेले होते. वकीलसाहेब काकूंना काही कागद द्यायला आले होते. जाताना जिन्याशी मी त्यांना याबद्दल विचारलं. ते बराच वेळ चपला घालत राहिले. मग त्यांनी मिलिंदविषयी सांगितलं.

मिलिंद हा आबांचा एकुलता एक मुलगा. शाळेत असतानाच तो आबांपेक्षा उंच झाला होता. आबा त्याला रोज पहाटे स्कूटरवरून छावणीच्या कोर्टावर नेत आणि सर्व्हिसच करून घेत. ती डोक्यामागून मारायची सर्व्हिस त्याला अशी साधली की पुण्या-मुंबईची पोरं चेंडू खांद्यावरून जाताना बघत राहत. आबांनी कधी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फक्त थांबवलं नाही. मिलिंद खांदा दुखतो म्हणू लागला तेव्हा त्यांनी शेक द्यायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी परत नेलं. राज्याच्या निवड-स्पर्धेत, सामना जवळजवळ जिंकलेला असताना, सर्व्हिस करून त्याचा हात खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की हे दुखणं एका दिवसाचं नाही, पुष्कळ आधीपासूनचं आहे. पोरगा बोलला कसा नाही, असंही त्यांनी विचारलं. तेव्हा आबा तिथंच उभे होते, आणि मिलिंदही होता. दोघंही काही बोलले नाहीत.

वकीलसाहेब म्हणाले, "तब से बाप-बेटे में बात नै. झगडा भी नै. झगडा होता तो अच्छा था."

पुढं दिवाळीत मी मिलिंदला पाहिलं. नाशिकला नोकरी करणारा, शांत, अदबीनं बोलणारा माणूस. तो आला की घरात टीव्ही बंद असे. आबा त्याला रस्ता कसा होता, गाडी कशी चालते, हे विचारत आणि तो नीट उत्तरं देई. आकाशकंदील लावायला स्टूल आणलं तर त्यावर आबा चढले. मिलिंदनं खालून स्टूल धरलं. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि घरातल्या सगळ्यांनी हे इतक्या सवयीनं सांभाळून घेतलं होतं की परक्याला ते दिसूही नये.

नंतरच्या एका उन्हाळ्यात आबा मला टॉस, म्हणजे चेंडू वर सोडणंच, समजावत होते. नव्या एका पोराचा चेंडू फार उंच जातो, त्याची लय तुटते, असं काहीतरी. नेहमीप्रमाणे ते उठले, डावा हात वर नेला, आणि तो हात थरथरू लागला. त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा वर नेला. तो पुन्हा थरथरला. आबांनी हाताकडं असं बघितलं जसं टीव्हीवरच्या कुणाकडं बघत. मग तो खिशात घातला आणि खाली बसले. वकीलसाहेबांनी लगेच मोठमोठ्यानं कुठल्यातरी जुन्या सामन्याचा वाद काढला. आबांनी वाद घातला नाही. "व्हय, तुमचंच बरोबर," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा असं म्हटलं असेल.

कंपवात होता. गोळ्या सुरू झाल्या, हात काही दिवस बरा राहिला, मग पाय जड झाले, मग आवाज बारीक झाला. सामने आम्ही बघत होतो, पण आबांचं 'गेली' बंद झालं. एकदा मीच म्हटलं, आबा, ही जाणार का? ते म्हणाले, "काय माहीत बाई. आता मला समदेच हात सारखे दिसतात." त्यानंतर मी विचारलं नाही. वकीलसाहेबांच्या गुडघ्यांमुळे त्यांचं येणं कमी झालं, आणि पुष्कळदा हॉलमध्ये आबा आणि मी दोघंच असायचो, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर.

मग आबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण काकूंना एकटीनं उचलवेना. त्यांनी नाशिकला फोन केला. मिलिंद आला आणि रजा काढून राहिला. आबांना उठवणं, जेवू घालणं, दाढी करणं, सगळं तो करी. तेही अदबीनं, न बोलता. त्यातला एक रविवार अंतिम सामन्याचा होता. मी खाली गेले तर टीव्ही बंद, काकू कशात तरी उगीच गुंतलेल्या, आबा पलंगावर टेकून भिंतीकडं बघत होते. वकीलसाहेब नातवाला धरून मुद्दाम आले होते. मिलिंदनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, पुढं होऊन टीव्ही लावला, आवाज बंदच ठेवला आणि आबांच्या उशाशी खुर्ची ओढून बसला.

सामना मोठा लांबला. दोघांतला कोवळा पोरगा चांगला खेळत होता, पण मध्येच त्यानं हात दाबून धरला. मैदानात डॉक्टर आला, त्याचा खांदा चोळला, काहीतरी गोळी दिली. पोरगा उठून परत रेषेवर आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या वडिलांचा चेहरा दाखवला. तेही टाळ्या वाजवत होते, मूठ वळून पोराला धीर देत होते.

आबांनी मिलिंदच्या मनगटावर हात ठेवला. तो थरथरणारा हात होता, त्यामुळे मिलिंदचं मनगटही हलू लागलं. आबांचा आवाज इतका बारीक होता की मिलिंदला वाकावं लागलं. पण खोलीत शांतता होती, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"तू सांगितलं होतंस," आबा म्हणाले. "लई दुखतंय म्हणून. मला ऐकू आलं होतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. मिलिंद टीव्हीकडंच बघत होता.

"मला माहीत होतं आबा," तो म्हणाला. "ऐकू आलं नसतं तर मी एवढा राहिलोच नसतो ना लांब."

आबांनी मान हलवली. मी माफ केलं असं मिलिंद म्हणाला नाही आणि आबांनीही ते मागितलं नाही. पण त्यानं मनगट सोडवून घेतलं नाही. सामना संपेपर्यंत ते दोन्ही हात तसेच हलत राहिले. कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं.

थंडी सुरू झाली तेव्हा आबा गेले. देवगावाहून भाऊबंद आले, गल्ली माणसांनी भरली. तिरडी उचलताना कुणीतरी मिलिंदला म्हणालं, तू राहू दे, तुला झेपायचं नाही. त्यानं ऐकलं नाही. त्यानं कुठला खांदा पुढं केला, ते मी वरच्या खिडकीतून मुद्दाम पाहिलं नाही. वकीलसाहेबांना गुडघ्यांमुळे चालत जाता येईना. त्यांना गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसवलं होतं. तिथून ते, रांग वळून दिसेनाशी होईपर्यंत, बघत राहिले.

दिवस झाल्यावर मिलिंद काकूंना नाशिकला घेऊन गेला. घर विकलं गेलं, मीही दुसरीकडे राहायला गेले. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, हिरवळीवरचे ते सामने पुन्हा सुरू झाले होते तेव्हा, मी काकूंना फोन केला. मिलिंदनं उचलला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सहज विचारलं, तुम्ही बघता का सामने?

"आई लावते," तो म्हणाला. "तिला काही कळत नाही त्यातलं. पण संध्याकाळ झाली की लावते, आणि आवाज बंद करून बसते. मी ऑफिसातून येतो आणि बसतो तिच्याजवळ."

मग म्हणाला, "तिनं काल विचारलं, हा पोरगा सारखा हरतोय, तर याला घरी कुणी नेत का नाही. मी म्हटलं, आई, त्याला खेळायचंय. तर म्हणाली, तुला होतं का रे खेळायचं?"

त्यानं आईला काय उत्तर दिलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. पलीकडून तोच म्हणाला, "होतं मॅडम. फार होतं. हे आबांना सांगायचं राहून गेलं."